अनुभव धागा: पळताना, खेळताना घामावर तुमचं कोणतं औषध टिकतं?

मैदानावरचा
आज पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीची पोरं पळत होती. सोळाशे मीटर संपवून एक पोरगा बाजूनं गेला आणि मागोमाग अत्तर आणि घामाचा असा मिश्र भपका आला, की मी थेट माझ्या भरतीच्या वर्षात पोचलो. तेव्हा खोलीवर कोणता स्प्रे टिकतो यावर रोज भांडण व्हायचं. शेवटी पैजच लागली. डाव्या काखेत एक, उजव्या काखेत दुसरा, अंगात राखाडी टी-शर्ट, कारण राखाडीवर ओल लपत नाही. पळून आलं की हात वर करून उभं राहायचं, निकाल बाकीचे देणार. वास घेणाऱ्याला चहा फुकट.

गावात मिळणारे बहुतेक स्प्रे नुसते डिओ निघाले. वास झाकतात, घाम तेवढाच. ज्या रोलऑनच्या मागे घटकांत अ‍ॅल्युमिनियम लिहिलं होतं, त्या बाजूचा डाग लहान यायचा. तोच रात्री झोपताना लावला तर आणखी लहान. आता तुम्ही सांगा. कबड्डी, सायकल, जिम, काहीही चालेल.

ठेचा_भाकर
काहून बाप्पा, सकाळी सकाळी काखेचा विषय! मी त तुरटीवाला. आंघोळ झाली का ओला खडा फिरवायचा, झालं. खडा सरता सरत नाही. घाम येतेच, खोटं कायले बोलू, पण वास येत नाही. कबड्डीत समोरचा वासानं पकड सोडत होता, तेवढा फायदा मात्र गेला.

धानपट्टा
उन्हाळ्यातली चाचणी धरूच नका भाऊ. मे महिन्यात घाम आला न आला तोच वाळतो, मागं मिठाचे पांढरे पट्टे राहतात. सगळेच रोलऑन पास. खरी परीक्षा धानाच्या रोवणीच्या दमट दिवसांत. आमची जिम म्हणजे जुनं गोदाम, थोडे डंबेल, एक तडकलेला आरसा आणि पंखा बंद. मे मध्ये पहिला आलेला रोलऑन तिथं ऑगस्टमध्ये वॉर्मअपलाच आडवा झाला.

ठेचा_भाकर
गोदामात धानाची पोती उचला ना, डंबेल कायले पायजे

गोळ्या_औषधं
बी.फार्म झालंय म्हणून बोलते. मैदानावरचा दादा, तुमची पद्धत बरोबर आहे, फक्त बाजू आलटून पालटून करायच्या, कारण अनेकांची एक काख जास्त गळते. कंपन्याही जवळपास हेच करतात. माणसांना 38 अंशांच्या आसपासच्या गरम खोलीत बसवतात, काखेत आधी वजन केलेले कापसाचे पॅड ठेवतात, नंतर पुन्हा वजन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमात घाम 20 टक्के कमी झाला तरी माल पास, आणि जास्त प्रभावी म्हणून विकायचा तर 30 टक्के. म्हणजे उरलेला घाम येणारच आहे, काख कोरडी ठणठणीत राहील ही आशा सोडा.

रात्रीचं गणित असं: अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलचं बूच तयार करतात. रात्री घाम कमी, त्वचा कोरडी, बूच नीट बसतं आणि सकाळच्या आंघोळीनं निघत नाही. पळायच्या तोंडावर ओल्या काखेत फासलं तर सगळं घामाबरोबर वाहून जातं. कोणता ब्रँड यापेक्षा कधी लावता ते बघा.

काटा_बरोबर
पॅडचं वजन वाचून राहवलं नाही, हे आमच्याकडं झालेलं आहे. सोन्याचं दुकान, मिलिग्रॅमचा काटा, भाचा फास्ट बॉलर. दुकान उघडायच्या आधी त्याला कापूस मोजून द्यायचो, सराव करून आला की परत काट्यावर. लावलेली आणि न लावलेली बाजू लगेच कळली. स्वस्त रोलऑन आणि महागडी स्टिक यांच्यात मात्र काट्यालाही सांगण्याजोगं काही सापडलं नाही. एकदा बाबांनी विचारलं, काट्यावर काय ठेवलं रे? म्हटलं, कापूस. भाव विचारून गेले.

ठेचा_भाकर
कापसाले कधी नव्हे तो सोन्याच्या काट्याचा मान भेटला राजेहो

आठशे_मीटर
मुलींचंही लिहा कोणीतरी. पळणं सोपं आहे, दुकानात मागणं कठीण. चार पोट्टे उभे असताना काका मोठ्यानं विचारते, कायले पायजे? मग तालुक्याला गेलं की आणायचं.
बाकी माझा अनुभव कपड्याचा आहे. टीमची पॉलिस्टरची जर्सी घातली की धुतलेली असली तरी थोड्या वेळात जुना वास वर येतो. त्याच रोलऑनवर सुती टी-शर्ट घातला की काही नाही.

उन्हातली_ताई
चंद्रपूरकर. इकडं पारा 45 च्या वर जातो. सासूबाई म्हणतात घाम अडवू नये, ऊन लागतं. खरं का?

रात्रपाळी_सिस्टर
ताई, काखेचा तुकडा केवढासा! अंग गार करायचं काम पाठ, छाती, कपाळ सगळे मिळून करतात. काखेपुरतं चालतं. पाठीला-पोटाला चोपडणारे पाहिले आहेत मी, ते नको. सासूबाईंची काळजी चुकीची नाही, फक्त जागा वेगळी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पळायचं तर उजाडताच पळा, मीठ-साखर-लिंबाचं पाणी सोबत ठेवा, चक्कर किंवा मळमळ वाटली की थांबा. किडनीचा आजार असेल तर रोलऑन लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा. केस काढल्या काढल्या लावू नका, आग होते. आणि कॅन्सरचा तो फॉरवर्ड कोणी टाकायच्या आधीच सांगते, तसा संबंध संशोधनात सिद्ध झालेला नाही.

वही_पेन
कोणाला माहीत आहे का, रोलऑनची कल्पना बॉलपेनवरून आली. अमेरिकेत 1952 साली पहिला बाजारात आला. आमच्या दुकानात दोन्ही शेजारी ठेवतो.

धानपट्टा
तरीच. थंडीत माझा रोलऑन आधी हातावर गिरवावा लागतो.

आठशे_मीटर
वही_पेन काका, तुमचं दुकान कुठं? तुम्ही मोठ्यानं विचारत नाही ना?

वही_पेन
बेटा, मी चष्म्यावरून फक्त बघतो.

उन्हातली_ताई
धन्यवाद सिस्टर, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग ह्यांच्या बनियनच्या काखेतले पिवळे डाग कसे काढायचे ते विचार.

गोळ्या_औषधं
ते अ‍ॅल्युमिनियम आणि घामाचेच डाग आहेत. ब्लीच टाकू नका, जास्त पिवळे होतात. पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून मग धुवा. रोलऑन पूर्ण वाळल्यावर बनियन घातली तर डाग कमी पडतात.

ठेचा_भाकर
व्हिनेगर कोणतं? चायनीजच्या गाडीवरचं चालते का?

गोळ्या_औषधं
चालते. मिरच्या काढून घ्या.