सोंगट्या ठेवायच्या कशात? पिशवी, ट्रे की खणांचा डबा

षटकोनी_सदाशिव

गेल्या रविवारी घरी 'पाथ्स ऑफ ग्लोरी' मांडायला बसलो. पहिल्या महायुद्धावरचा, १९९९ सालचा पटावरचा युद्धखेळ. सकाळी साडेनऊला नकाशा पसरला आणि सव्वाअकरापर्यंत आम्ही दोघं नुसत्या सोंगट्या शोधत होतो. ऑस्ट्रियाची कोअर (म्हणजे आर्मीहून लहान सैन्यदल) इटलीच्या पिशवीत, तुर्कांची एक आर्मी 'इतर' लिहिलेल्या पिशवीत, खंदकांचे मार्कर तीन ठिकाणी. मित्र म्हणाला, झारचं सैन्य यापेक्षा लवकर जमलं असेल. दुपारी वरणभात झाला आणि तो घरी गेला. खेळ ऑगस्ट १९१४ मध्येच राहिला.

म्हणून एकदाचा निकाल लावतोय. माझ्याकडे अकरा युद्धखेळ आहेत आणि सगळ्यांच्या सोंगट्या झिपच्या पिशव्यांत. माझं मत असं, की पिशवी ही सोंगट्या विकत घेतल्यापासून त्या लावेपर्यंतची तात्पुरती सोय आहे. तिला कायमचं घर मानणं हा आळस. तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाले रेझिस्टर-कपॅसिटर ठेवायला जे पारदर्शक खणांचे डबे घेतात, ते आणायचे, देशवार सोंगट्या लावायच्या, विषय संपला.

नवीन लोकांसाठी: सोंगटी म्हणजे पुठ्ठ्याचा चौकोन, साधारण अर्धा इंच किंवा पाच-अष्टमांश इंच. एका शीटवर लहान असतील तर २८०, मोठ्या असतील तर १७६. चार शीटचा खेळ म्हटलं की हजाराच्या आसपास तुकडे सांभाळायचे.

बोला.

पिशवीवाला_पेठकर

पिशवीवर मार्करने नीट नाव लिहिलं नाही, हा पिशवीचा गुन्हा? 'इतर' नावाची पिशवी तुम्ही केलीत. उद्या वीस खणांचा डबा आणाल आणि त्यातही एकविसावा खण 'इतर' शोधाल.

माझ्याकडे सत्तावीस खेळ आहेत, सगळे पिशव्यांत. खोका उभा ठेवा, आडवा ठेवा, स्कूटरच्या पुढच्या जागेत टाकून कोथरूडहून खराडीला न्या, आत एक सोंगटी इकडची तिकडे होत नाही. झाकण पूर्ण बसतं. शंभर पिशव्यांचं पाकीट बोहरी आळीत मिळतं, दोन चहांच्या आसपास किंमत वाढली की मी कुरकुर करतो, यावरून काय ते समजा.

आणि खेळताना? घरातला मिसळणाचा डबा. जुना, स्टीलचा, सात वाट्यांचा. एकेक पिशवी एकेका वाटीत ओतायची. वाटीचा तळ गोल, बोट घातलं की सोंगटी आपोआप वर चढते. तुमच्या चौकोनी खणाच्या कोपऱ्यातून काढायला नखं वाढवावी लागतात.

कप्पेबाज

पेठकर, हळद झटकून घेता ना आधी?

मी 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' खेळतो, दुसऱ्या महायुद्धातल्या छोट्या चकमकींचा खेळ. १९८५ पासून त्यात भर पडतेच आहे आणि माझ्याकडे सोंगट्या हजारोंनी आहेत. त्यातला कुठलाही प्रसंग मांडायचा तर कागदावर लिहिलेलं असतं: जर्मनांची अमुक दर्जाची इतकी स्क्वॉड, इतकी हलकी मशीनगन, हा एक अधिकारी, दोन रणगाडे. म्हणजे हजारोंतून मोजून तीस-चाळीस उचलायच्या, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच तीस-चाळीस. पिशवीत बोटं घालून हे करून दाखवा, मी मिसळीचं बिल भरतो.

माझ्याकडे भिंतीला टेकवलेलं छोट्या ड्रॉवरांचं कपाट आहे, हार्डवेअरवाले स्क्रू ठेवतात तसलं. एक ड्रॉवर, एक प्रकार. पुढे त्याच प्रकारची एक फालतू सोंगटी चिकटवलेली, म्हणजे नाव वाचायचीही गरज नाही.

आणि ही काही हल्लीची चैन नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याला जो युद्धखेळ करून दिला, तो चक्क ड्रॉवरांचं टेबल होता. वर रणभूमी, खाली खणांत जमिनीचे तुकडे आणि सैन्य. या छंदाची सुरुवातच कपाटापासून आहे.

पिशवीवाला_पेठकर

अर्धीच गोष्ट सांगितलीत. ते टेबल राजवाड्यात राहिलं. राजवाड्याबाहेर खेळ गेला तो राइसविट्झच्या मुलाने १८२४ साली छापील नकाशे आणि लहान खोक्यातल्या सोंगट्या केल्यावर. तोच प्रशियाच्या पलटणींत पोचला. कपाट राजाकडे, खोकं अधिकाऱ्यांकडे. आणि खेळले कोण, ते तुम्हीच सांगा.

कप्पेबाज

खोक्यात होत्या, पिशवीत नव्हत्या.

ओलसर_कर्वेनगर

तुमचं पिशवी-कपाट चालू द्या, पण आपण पुण्यात राहतो आणि जुलै-ऑगस्ट येतो, हे कुणी लक्षात घेतंय का? मी तळमजल्यावर राहते, मुठा जवळच आहे. दोन वर्षांपूर्वी खाटेखालचा एक खोका पावसाळ्यानंतर उघडला तर पुठ्ठ्याला करड्या बुरशीचे ठिपके, आणि नियमपुस्तकाच्या शिवणीपाशी कसर. सोंगट्यांच्या कडा पापडासारख्या सुटलेल्या. पुठ्ठा म्हणजे थरावर थर चिकटवलेला कागद. ओल कडेने आत शिरते, कारण कडेला छपाईचा लेप नसतो.

तेव्हापासून मी डबा कुठला यापेक्षा प्लास्टिक कुठलं ते पाहते. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, लवचिक, बिजागरी शेकडो वेळा वाकली तरी तुटत नाही. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण पडलं की कोपरा गेला. ३ असेल, म्हणजे पीव्हीसी, आणि त्यातही मऊ, तर नकोच. नाणी जमवणाऱ्यांना विचारा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. छापील शाईही त्याला चिकटते.

आणि डांबरगोळ्या टाकू नका. आजीच्या ट्रंकेत ठीक होत्या. बंद डब्यात त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ, चिकट करते. सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर पावसाळ्याआधी बदला.

पेठकरांच्या झिपच्या पिशवीबद्दल एकच म्हणते: पावसाळ्यात ओल्या हवेत भरून बंद केलीत तर ओल आतच कोंडता. भरायच्या तर मार्चमध्ये भरा.

पिशवीवाला_पेठकर

ताई, हा मुद्दा मान्य. पिशवीला टाचणीने दोन भोकं पाडतो. (डब्याला पाडता येणार नाहीत, हेही नोंदवून ठेवा.)

ट्रेवाली_औंध

कोणी ट्रेचं नावच घेत नाहीये. अमेरिकन प्रकाशक, जीएमटी धरून, वीस खणांचे ट्रे विकतात, वर पारदर्शक झाकण. ट्रे खोक्यात बसतो, म्हणजे खेळ एका जागी राहतो. सदाशिवरावांचा डबा वेगळ्या फळीवर, खोका वेगळ्या फळीवर. एक दिवस तुम्ही खोका घेऊन मित्राकडे पोचाल आणि सैन्य घरी राहिलेलं असेल.

ट्रेचे दोन दोषही सांगते, कारण मी भोगलेत. पहिला, दोन ट्रे घातले की कमी उंचीच्या खोक्याचं झाकण अधांतरी राहतं. घेण्याआधी नकाशा, पत्ते, पुस्तक सगळं आत ठेवून वर किती मिलिमीटर उरतात ते मोजा. दुसरा, खोका उभा केला की ट्रेचं झाकण आणि खणांची भिंत यांमधल्या फटीतून सोंगट्या शेजाऱ्याकडे जातात. सोंगटीची जाडी दीड-दोन मिलिमीटर, तिला तेवढी फट पुरते. उपाय: झाकणाच्या आतून पातळ फोमचा तुकडा कापून बसवायचा. चप्पल दुरुस्तीवाल्याकडेही मिळतो. माझा गेल्या चार वर्षांत एकही खण सांडलेला नाही.

किंमतीचं म्हणाल, तर ट्रे स्वतः महाग नाहीत, पण हलके असून जागा खातात आणि कुरिअर आकारमानावर पैसे लावतं. म्हणून मी खेळाच्या ऑर्डरबरोबरच मागवते.

षटकोनी_सदाशिव

ट्रेवाली, फटीचा मुद्दा मला नवा होता. काल तापकीर गल्लीत जाऊन आलो (गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास, त्यावर वेगळा धागा निघेल). खिशात एक सोंगटी घेऊन गेलो होतो. ज्या डब्यांत खणांच्या पट्ट्या काढता-घालता येतात, त्या प्रत्येकात पट्टीखालून सोंगटी आरपार सरकली. दुकानदार माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, रेझिस्टर जात नाही खालून." म्हटलं, रेझिस्टर ठीक, फ्रान्सची पाचवी आर्मी जाते.

मग एकसंध साच्यातले, पट्ट्या न हलणारे डबे बघितले. त्यात जात नाही. पण खण एवढे बारीक, की मोठ्या सोंगट्या उभ्या ठेवाव्या लागतात.

तरीही पिशवी नाहीच. मी हट्टी आहे, सदाशिव पेठेत राहतो.

खडकी१८१७

मी बाहेरचे खेळ कमी खेळतो, स्वतः बनवतो. सध्या खडकीच्या लढाईवर काम चालू आहे, ५ नोव्हेंबर १८१७. नकाशा गणेशखिंडीपासून मुळेपर्यंत, सोंगट्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या राखाडी पुठ्ठ्यावर स्टिकर चिकटवून हाताने कापलेल्या.

त्यातून एक गोष्ट कळली, ती इथे कुणी बोललं नाही. डबा निवडायच्या आधी खेळ सोंगट्या मागतो कसा, ते बघायला हवं. कप्पेबाजांचा खेळ प्रकारानुसार मागतो, म्हणून त्यांचे ड्रॉवर बरोबर. माझ्या लढाईत प्रत्येक तुकडी पहिल्या दिवशी ठरलेल्या जागी असते. विंचूरकरांची घोडी इथे, अरबांची पायदळ तुकडी तिथे, ब्रिटिशांची दापोडीची तुकडी अमुक चालीला येते. मला 'पेशव्यांचे घोडेस्वार' असा खण काय कामाचा? मला हवा 'डावी बगल', 'मध्य', 'तिसऱ्या चालीला येणारे'. देशवार लावलं तर मांडताना परत सगळं विस्कटावंच लागतं.

आणि 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त आर्मीच्या सोंगट्या मोठ्या, कोअरच्या लहान. आर्मी मोडली की नकाशावरच्या राखीव चौकटीतली कोअर तिच्या जागी येते. म्हणजे सदाशिवराव, तुम्हाला प्रत्येक देशाचे दोन खण हवेत: सुरुवातीला नकाशावर असणारे, आणि मागून, खेळताना पत्ते टाकल्यावर येणारे. अडीच तास तुमच्या पिशव्यांनी खाल्ले नाहीत. ऑगस्ट १९१४ ची फौज आणि १९१७ ची अमेरिकन फौज तुम्ही एकत्र ठेवलीत, त्याने खाल्ले.

षटकोनी_सदाशिव

पावणेदोन तास. अडीच नाही.

कप्पेबाज

खडकीकर म्हणतात ते पटलं, पण एक अट. खेळात दहा वेगवेगळे प्रसंग असतील आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असेल, तर मांडणीप्रमाणे लावलेला ट्रे नऊ वेळा चुकीचा ठरणार. तिथे प्रकारवारीच हवी. एकच मोहीम असेल तर तुमचं बरोबर.

पिशवीवाला_पेठकर

म्हणजे एका माणसाने कपाट, ट्रे, फोम, सिलिका जेल आणि वर प्रत्येक खेळाचा स्वतंत्र अभ्यास, इतकं करायचं. मी मात्र पिशवीवर 'सुरुवात' आणि 'नंतर' असे दोन शब्द लिहितो. दहा रुपयांचा मार्कर. हीच खडकीकरांची पद्धत, फक्त खण नाहीत. राव, भांडण डब्याचं नव्हतंच, वर्गवारीचं होतं, आणि वर्गवारी पिशवीतही होते.

ट्रेवाली_औंध

होते, पण दिसत नाही. दहा पिशव्या उघडायच्या, ओतायच्या, परत भरायच्या. रात्री साडेअकराला खेळ संपल्यावर तुम्ही नक्की 'नंतर'च्या पिशवीतच भरता? माझ्या ट्रेमध्ये रिकामा खण समोर दिसतो, म्हणून आवरताना चूक होत नाही. मांडण्याबद्दल सगळे बोलताय. आवरण्याबद्दल कोणी नाही.

पिशवीवाला_पेठकर

आवरतो भाचा. त्याला विचारून सांगतो.

ओलसर_कर्वेनगर

कोपरे कापण्याचा विषय निघायच्या आधी मीच काढते. शीटमधून सोडवलेल्या सोंगटीच्या कोपऱ्याला पुठ्ठ्याचे तंतू राहतात, तिथूनच थर सुटायला लागतो. दोन मिलिमीटरचा गोल कोपरा कापला की ओलही कमी शिरते आणि खणातून उचलताना अडकत नाही. चारशे सोंगट्या म्हणजे सोळाशे कोपरे. मी एका रेडिओ नाटकाच्या मालिकेत संपवले.

कप्पेबाज

नेलकटरने?

ओलसर_कर्वेनगर

नेलकटरने कापणाऱ्यांशी मी बोलत नाही. यंत्र आहे.

षटकोनी_सदाशिव

बरं, काय केलं ते सांगतो. 'पाथ्स ऑफ ग्लोरी'ला ट्रे घेतला, औंधहून उसना, नंतर परत देणार आहे. खण देशवार, पण सुरुवात आणि नंतर वेगळे. लहान देश एका खणात दोन-दोन, तरच विसात बसलं. फोम लावला. काल संध्याकाळी तोच मित्र आला, मांडायला पस्तीस मिनिटं. अकरापैकी चार खेळ असे आहेत जे वर्षात एकदाही उघडत नाही, ते पिशव्यांतच राहू देतो. पेठकरांनी याचा अर्थ काढू नये. टाचणीची भोकं मात्र पाडली.

तापकीर गल्लीतून आणलेले दोन डबे मुलीने मण्यांसाठी घेतले.

ओलसरताई, ते कोपऱ्यांचं यंत्र आठवडाभर मिळेल का? कर्वेनगरला मी येऊन नेतो.

ओलसर_कर्वेनगर

मिळेल. आधीच्या माणसाने परत केलं की. तो 'आवरतो भाचा' म्हणणारा सदस्य आहे, त्याला विचारा.