वडगावला इंग्रज सोडले ही चूक? दरवर्षीचं तेच!

मावळा_७९: "जानेवारी १७७९, वडगावला इंग्रज कोंडीत सापडले आणि महादजींनी दया दाखवली. तिथेच कापले असते तर राज्य गेलं नसतं." दर जानेवारीला ही पोस्ट फिरते आणि माझं डोकंही. अहो, सापडली होती ती फक्त मुंबईच्या इंग्रजांची फौज, १९,००० बैलांचं लटांबर घेऊन घाट चढलेली. कलकत्त्याच्या इंग्रजांची दुसरी फौज घेऊन येणारा सेनापती गॉडर्ड तेव्हा नर्मदेकाठी होता. तो काय घाबरून परत गेला असता? वडगावच्या तहात मुंबईजवळची साष्टी परत द्यायचं कबूल झालं, पेशवेपदासाठी इंग्रजांना मिळालेले राघोबादादा हाती आले. मुडद्यांनी काय मिळालं असतं?

घाटमाथा: कबूल झालं! कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने तह धुडकावला, दादा वाटेतून निसटून थेट गॉडर्डकडे. १७८० मध्ये अहमदाबाद, ग्वाल्हेर, वसई, सगळं गेलं. कबुली चाटायची का?

कार्लेकरीण: भांडणात इष्टुर फाकडा विसरलात. कॅप्टन स्टुअर्ट, ४ जानेवारीला आमच्या कार्ल्यात तोफेच्या गोळ्याने गेला. आजोबा एसटीतून वडगावला त्याच्या समाधीकडे बघून हात जोडायचे. बारावीपर्यंत मला तो पीरच वाटायचा.

घाटमाथा: घ्या! शत्रूला हात जोडा. इंग्रजांना दाणावैरण मिळू नये म्हणून तळेगाव जाळलं, त्या लोकांची समाधी कुठाय?

कार्लेकरीण: माझ्या आजोबांवर जाऊ नका. "फाकडा" हे नाव मराठ्यांनीच दिलंय, आपल्या मानाजी शिंद्यांना दिलं तेच. शूराला शूर म्हणायची दानत होती त्यांच्यात.

घाटमाथा: मानाजी फाकडे? ते तर दादांच्या गोटातले. छान उदाहरण!

कार्लेकरीण: म्हणजे शूर नव्हते? तुमच्याकडे शौर्याचा दाखलाही गोट बघून मिळतो वाटतं.

मावळा_७९: समाधीचा वेगळा धागा काढा हो. मूळ मुद्दा: युद्ध संपवणाऱ्या सालबाईच्या तहात (१७८२) साष्टी इंग्रजांकडेच राहिली, मान्य. पण वसई परत आली. ती सोयीस्कर गाळलीत.

घाटमाथा: बरं बाबा, वसई तुमची. दादांना महिना २५,००० लावून दिले तेही सांगा. भरायचे कोणी? पेशव्यांनीच! वा रे विजय.

मावळा_७९: दादा इंग्रजांच्या हातून सुटले, ते २५,००० मध्ये स्वस्तच पडलं.

कार्लेकरीण: आणि तळेगावचं म्हणाल तर, दगड बसवा तिथे. वर्गणी मी देते. पण आजोबांची माफी आधी मागा.

घाटमाथा: आजोबांची मागतो. फाकड्याची नाही.