वादळानंतर किनाऱ्यावरचं फळसंशोधन केंद्र: करवत लावण्याआधी काय उरकायचं?
(प्रश्न ‘माडपोफळ’ यांचे, उत्तरं ‘कलमबाग’ आणि ‘रोठा’ यांची)

माडपोफळ
३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यात धडकलं आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तसं वादळ पुन्हा आलं तर किनाऱ्यावरच्या फळसंशोधन केंद्राने पहिल्या पंधरवड्यात काय करावं, याचा आराखडा लिहितोय. पत्रे, कुंपण, पंपघर यांची अंदाजपत्रकं करता येतात. अडतं ते मातृवृक्ष (ज्यांच्यापासून कलमं-रोपं करतात ती झाडं), जननद्रव्य (जपून ठेवलेल्या वाणांचा संग्रह) आणि चालू प्रयोगांपाशी. रस्ता मोकळा करायला करवत लगेच लागणार. तिच्याआधी काय उरकायचं?

कलमबाग
आधी ओळख वाचवा. लागवडीचा नकाशा (ओळ क्रमांक, झाड क्रमांक, वाण) छापील हवा, कारण वीज आणि नेटवर्क पहिल्याच दिवशी जातात. पडलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला क्रमांक कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तारेने बांधा. कागदी लेबल एका पावसात जातं. फोटोत शेजारचं उभं झाड दिसलं पाहिजे, नाहीतर जागा पटवता येत नाही. ओंडके एकदा ढिगात गेले की कोणता वाण कुठला हे कुणीच सांगू शकत नाही. पंचनामा आणि झाडांचं निर्लेखन (दप्तरातून रीतसर कमी करणं), दोन्हीला हीच यादी लागते.

मग आंबा आणि जायफळ, कारण यांची कलमं होतात. उन्मळलेल्या आंब्याच्या शेंड्याकडच्या तीन-चार महिन्यांच्या काड्या पानं हिरवी असतानाच काढा, देठ ठेवून पानं छाटा, ओल्या शेवाळात गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये बांधा. चार-पाच दिवसांत कलमं बांधून संपवा. वादळ जूनच्या सुरुवातीला आलं तर कोयकलमाचा (कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधण्याचा) हंगाम तोंडावरच असतो, त्यामुळे ताज्या कोयींची रोपं तयार ठेवता येतात. जायफळाची काडी उभ्या वाढणाऱ्या फांदीचीच घ्या. आडव्या फांदीचं कलम जमिनीलगत पसरत राहतं.

तिरका झालेला, पण अर्धीअधिक मुळं जमिनीत असलेला आंबा उभा करता येतो. आधी फांद्यांचा एक तृतीयांश ते निम्मा भार कमी करा, फाटलेली मुळं धारदार हत्याराने साफ कापा, मग चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) हळूहळू उचलून तीन बाजूंनी टेकू द्या. कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

रोठा
माड-पोफळीला हा मार्ग नाही. शेंड्यात एकच कोंब असतो, तो मोडला की झाड संपलं. कलमही होत नाही. पडलेल्या झाडाची पक्व फळं बियाण्यासाठी घेता येतात, पण परागकण शेजारच्या झाडाचे असू शकतात. ती रोपं म्हणजे मूळ वाण नव्हे, आणि नोंदवहीत तसंच लिहा. म्हणून दुर्मीळ वाणाची दुसरी प्रत वादळाच्या आधीच दुसऱ्या केंद्रात असायला हवी. नारळासाठी कासरगोड (केरळ), सुपारीसाठी विट्टल (कर्नाटक) इथे मोठे संग्रह आहेत.

दुसरा धोका ओंडक्यांचा. कुजणाऱ्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि चार-सहा महिन्यांत नवी पिढी वाचलेल्या झाडांवर येते. जखमी बुंध्यांकडे सोंड्या भुंगा ओढला जातो. ओंडके चिरून बाहेर काढा, नाहीतर खोल पुरा. गेंड्या भुंगा शेणखतातही वाढतो, म्हणून त्या खड्ड्यात मेटारायझियम (त्याच्या अळ्या मारणारी बुरशी) मिसळा. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोगही (फळं कुजून गळण्याचा रोग) येतो, तेव्हा उघडीप मिळताच १ टक्का बोर्डो फवारा.

माडपोफळ
प्रयोगातलं झाड पडलं तर त्या जागी त्याच वाणाचं रोप लावून प्रयोग चालू ठेवता येईल का?

कलमबाग
नाही. वीस वर्षांच्या झाडाशेजारी एक वर्षाचं रोप एका प्रक्रियेत (प्रयोगात तपासायच्या एकाच उपचाराच्या गटात) मोजलं तर तुलनाच मोडते. रोप लावा, पण स्वतंत्र क्रमांकाने, जुन्या आकडेवारीबाहेर. थोडी झाडं गेली असतील तर उरलेल्यांची प्रतिझाड सरासरी आणि हरवलेल्या नोंदींची सांख्यिकी पद्धत वापरता येते. एखाद्या प्रक्रियेच्या बहुतेक पुनरावृत्ती (तोच उपचार दिलेली इतर झाडं) गेल्या असतील तर प्रयोग त्या तारखेला बंद करून आतापर्यंतचा निष्कर्ष लिहावा. शेजारची झाडं पडल्याने वाचलेल्या झाडांना जास्त ऊन मिळतं, त्यांचं पुढचं उत्पादन त्यामुळेही बदलतं. हे विसरलं जातं.

रोठा
फेरलागवडीची घाई मात्र नको. सुपारीच्या रोपाला सावली लागते आणि माड गेल्यावर वाडी उघडी पडते. पहिल्या पावसाळ्यात केळी आणि पांगारा लावा, पोफळी पुढच्या वर्षी. तोवर रोपवाटिका चालू ठेवा: निवडक झाडांची पूर्ण पिकलेली, ३५ ग्रॅमहून जड फळं, पाण्यात देठाकडची बाजू वर ठेवून उभी तरंगणारी. देठ वर ठेवूनच पेरा. रोप १२ ते १८ महिन्यांचं, निदान पाच पानांचं झालं की २.७ मीटर अंतरावर ६० सेंटिमीटरच्या खड्ड्यात. माडाला अंतर ७.५ मीटर, खड्डा एक मीटरचा. वाचलेल्या उघड्या पोफळींच्या बुंध्याला नैऋत्येकडून ऊन भाजतं, तिथे साल तडकते आणि पुढच्या वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. त्या बाजूला पावसाळा संपताच चुना लावा किंवा झावळ्या बांधा.