बागकाम समूहाचा निधी: मंडळाच्या ईमेल यादीवरील पत्रव्यवहार

प्रेषक: समन्वयक, बागकाम समूह
प्रति: मंडळाचे सर्व सभासद
विषय: बागकाम समूहाच्या खर्चासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचा ऑनलाइन बागकाम समूह यापुढेही सर्वांसाठी मोफत चालू राहावा, म्हणून निधी उभारण्याविषयी हे पत्र लिहीत आहे. सर्व्हरचे भाडे, डोमेनची म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी, छायाचित्रांची साठवण आणि बॅकअप यांचा खर्च आजवर मोजक्या सभासदांनी स्वतःच्या खिशातून केला आणि त्याबद्दल कधी शब्दही काढला नाही. त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की ही व्यवस्था आता बदलायला हवी. ज्यांच्या कार्डावरून ही बिले जातात, त्यांचे कार्ड बदलले किंवा ते आजारी पडले, तर बिल थकल्याचे बाकीच्यांना कळायला मार्गच नाही. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत टळली की नूतनीकरणासाठी थोडा अवधी मिळतो, त्यानंतर ३० दिवसांच्या टप्प्यात जादा शुल्क भरून ते सोडवून घेता येते, आणि तोही टप्पा उलटला की ते नाव कोणीही घेऊ शकतो. आपल्या समूहातील प्रत्येक जुना दुवा त्या एका नावावर टांगलेला आहे.

खर्चात सर्वांत मोठा वाटा छायाचित्रांचा आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही, कारण पानावरचा डाग करप्याचा आहे की भुरीचा, हे नुसत्या वर्णनावरून सांगणे अनुभवी माणसालाही जड जाते. मात्र फोनने काढलेले छायाचित्र सहज ३ ते ४ एमबीचे असते. ते रुंदीला १६०० पिक्सेलपर्यंत आणले तरी डाग ओळखता येतो आणि जागा कितीतरी कमी लागते. हे काम छायाचित्र चढवतानाच आपोआप होईल, अशी सोय आम्ही करत आहोत. सभासदांकडे हात पसरण्यापूर्वी आपल्या हातात असलेली काटकसर करणे आम्हाला आवश्यक वाटले.

आता हा पैसा नेमका कशासाठी, ते सांगते. आज पडलेल्या प्रश्नाचे आज उत्तर मिळवायचे असेल, तर ते फोनवरच्या एखाद्या गटातही मिळेल. तिथे ते चार दिवसांत खाली वाहून जाते आणि पुढच्या हंगामात तोच प्रश्न नव्याने विचारावा लागतो. आपल्याला राखायच्या आहेत त्या जुन्या नोंदी. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडला की बहुतेकजण तो रोग समजून औषध फवारायला निघतात. वास्तविक फळाला कॅल्शियम कमी पोचल्याची ती खूण असते; मातीत कॅल्शियम पुरेसे असूनही, पाणी कधी भरपूर आणि कधी अगदी कमी मिळाल्याने असे होते. आपल्या नोंदींत हे केवळ सांगितलेले नाही, तर पाणी नियमित केल्यावर आणि वाफ्यावर आच्छादन घातल्यावर पुढे लागलेली फळे कशी आली, याची छायाचित्रे तारखांसह आहेत.

कांद्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. काही वाण दिवस साधारण १० ते १२ तासांचा झाला की गड्डा धरू लागतात, तर काहींना १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याने मोठ्या दिवसाचा वाण लावला तर नुसती पात वाढत राहते. ध्रुवाकडच्या प्रदेशात लहान दिवसाचा वाण वसंतात लावला तर रोप पुरते वाढण्याआधीच गड्डा धरते आणि कांदा लहान राहतो. आपले सभासद दोन्ही गोलार्धांत विखुरलेले आहेत, एकाचा सप्टेंबर शरदाचा तर दुसऱ्याचा वसंताचा. म्हणून आपण प्रत्येक नोंदीसोबत अक्षांश, पेरणीची तारीख आणि हिवाळ्यानंतरच्या शेवटच्या हिमकडाक्याची, म्हणजे दव गोठण्याइतक्या थंडीची, तारीख लिहिण्याचा आग्रह धरला. एकाच भाषेत, इतक्या निरनिराळ्या हवामानांत, हाताने केलेल्या कामाच्या या नोंदी आहेत, आणि त्या पुन्हा नव्याने निर्माण करता येणार नाहीत.

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली: कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, कोणते फूल कधी उमलले. त्यांच्या वंशजांनी हे काम पुढे नेले आणि त्या नोंदी १९५८ पर्यंत पोचतात. बदलत्या हवामानाचा झाडांवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्यांना आज त्या उपयोगी पडतात. मार्शम यांना स्वतःला असा उपयोग ठाऊक असण्याचे कारणच नव्हते; कोणीतरी वह्या सांभाळल्या, म्हणून तो शक्य झाला. आपल्या वह्या सर्व्हरवर आहेत आणि त्यांचे भाडे दरवर्षी भरावे लागते, एवढाच फरक.

म्हणून विनंती अशी, की ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून एकदा, स्वेच्छेने, झेपेल तेवढी रक्कम द्यावी. वाचन आणि प्रश्न विचारणे सर्वांना मोफतच राहील. कार्यकारिणीचे मत कळावे.

कळावे, लोभ असावा.
समन्वयक, बागकाम समूह


प्रेषक: खजिनदार, कार्यकारिणी
विषय: प्रत्युत्तर: बागकाम समूहाच्या खर्चासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

ताईंचे पत्र कार्यकारिणीने वाचले. आवाहनाला आमची संमती आहे; पण पैसा सभासदांचा असल्यामुळे काही गोष्टी आधीच लेखी ठरलेल्या बऱ्या.

हा निधी मंडळाच्या खात्यात स्वतंत्र शीर्षाखाली जमा होईल आणि मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला तूट आली, तरी ती यातून भरून काढली जाणार नाही. ज्याने बागेसाठी पैसे दिले, त्याचे पैसे बागेसाठीच खर्च झाले पाहिजेत, याबाबत मी आग्रही आहे.

दरमहा थोडी रक्कम घ्यावी, अशी सूचना काही जणांनी मला स्वतंत्रपणे केली आहे. ऑनलाइन देयकाच्या बहुतेक सेवा प्रत्येक व्यवहारामागे टक्केवारीबरोबर एक ठरावीक शुल्कही कापतात, त्यामुळे तीच रक्कम बारा तुकड्यांत आली तर ते ठरावीक शुल्क बारा वेळा जाते. वर्षातून एकदा द्यावी, हे ताईंचे म्हणणे म्हणूनच योग्य आहे. रक्कम आपोआप वळती होण्याची सोय ज्यांनी निवडली असेल, त्यांना आधी आठवणीचे पत्र जाईल आणि नको असल्यास ती सोय त्यांना स्वतः बंद करता येईल.

जाहिरातींचाही विचार झाला. वाचकसंख्या आपल्याएवढी असलेल्या ठिकाणी त्यांतून फारसे काही मिळत नाही, पण माझा आक्षेप त्यापेक्षा मूलभूत आहे. मावा पडलेल्या रोपावर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा, असा सल्ला आपला सभासद देत असताना शेजारी कीटकनाशकाची जाहिरात झळकत असेल, तर नवख्या माणसाने कोणाचे ऐकावे? खरेदीच्या दुव्यांवर दलाली घेण्याच्या सूचनेलाही मी याच कारणाने नकार देतो. अमुक खत सुचवणाऱ्याचा त्यात काही लाभ आहे की काय, अशी शंका एकदा शिरली की प्रामाणिक सल्ल्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

शेवटचा मुद्दा राखीव निधीचा. पहिल्या वर्षी जमलेले सर्व पैसे खर्चासाठी मोकळे ठेवू नयेत. निदान एका वर्षाचे भाडे बाजूला राहील, अशी तजवीज करावी. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननेही २०१६ मध्ये नेहमीच्या खर्चापासून वेगळा असा दीर्घकालीन निधी सुरू केला. आपला व्याप त्यापुढे नगण्य असला तरी गरज त्याच प्रकारची आहे.

आपला,
खजिनदार


प्रेषक: एक सभासद
विषय: प्रत्युत्तर: बागकाम समूहाच्या खर्चासाठी आवाहन

आदरणीय ताई आणि काका, सादर नमस्कार.

दोन्ही पत्रे मनापासून पटली. वर्गणी देणाऱ्यांच्या नावापुढे खूण असावी आणि त्यांच्या प्रश्नांना आधी उत्तर मिळावे, अशी चर्चा मध्यंतरी ऐकू आली होती. तिला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही. ज्याने नुकतीच पहिली कुंडी आणली आहे, तो काही देऊ शकणार नाही. पण ‘पाने पिवळी का पडली’ हा त्याचा प्रश्नच पुढच्या शंभर जणांच्या शोधात सापडणारे उत्तर घडवतो. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला की कोवळ्या, वरच्या पानांपासून, हे त्याला विचारले जाते, कारण नत्र कमी पडले की आधी खालची पाने पिवळी होतात आणि लोह कमी पडले की शिरा हिरव्या राहून कोवळी पाने फिकी पडतात. ही प्रश्नोत्तरे हीच समूहाची खरी मिळकत आहे आणि तिचा निम्मा भाग प्रश्न विचारणाऱ्याकडून आलेला आहे. पैसे देणारा आणि न देणारा असा भेद डोळ्यांना दिसू लागला, तर नवखा माणूस विचारायलाच कचरेल.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांना कामाच्या रूपाने हातभार लावता यावा. जुन्या नोंदींवर वनस्पतीचे मराठी आणि शास्त्रीय नाव घालणे, अक्षांश राहून गेला असेल तर तो लेखकाला विचारून भरणे, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न एकत्र जोडणे, ही कामे निवांतपणे घरबसल्या होऊ शकतात आणि ती करायला माणसे कमी आहेत.

आणखी एक सूचना. देणगीदारांना आपल्या बागेत धरलेल्या बियांची एक पुडी आभारादाखल पाठवावी काय? बियांसाठी तरी लोक उत्साहाने पुढे येतील, असे वाटते.

आपला नम्र,
एक सभासद


प्रेषक: समन्वयक, बागकाम समूह
विषय: प्रत्युत्तर: बागकाम समूहाच्या खर्चासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

काकांच्या सर्व अटी मान्य आहेत. देणगीदारांच्या नावापुढे कोणतीही खूण असणार नाही, आणि कामाच्या रूपाने हातभार लावू इच्छिणाऱ्यांसाठी राहिलेल्या नोंदींची यादी मी लवकरच पाठवते.

बियांच्या पुडीची कल्पना माझ्याही मनाला भावते, पण ती स्वीकारता येणार नाही. कीड आणि रोग एका देशातून दुसऱ्या देशात पसरू नयेत म्हणून १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला आणि त्यानुसार अनेक देश बाहेरून येणाऱ्या बियांसोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मागतात. काही विषाणू आणि बुरश्या बियांमधूनच प्रवास करतात, हे आपण बागकाम करणाऱ्यांनी तर विसरता कामा नये. आपले सभासद अनेक देशांत असल्यामुळे साध्या लिफाफ्यातून बिया पाठवण्याचे कोणतेही आवाहन समूहाच्या नावाने होऊ नये. त्याऐवजी एकाच ठिकाणी राहणाऱ्या सभासदांनी स्वतः वाढवलेली निरोगी रोपे आपापसांत विकून ती रक्कम निधीला द्यावी. रोप देण्यापूर्वी पानांची मागची बाजू आणि कुंडीच्या बुडाची भोके अवश्य तपासावीत. मावा, पांढरी माशी आणि गोगलगायींची अंडी तिथेच दडलेली असतात.

निधी अपुरा पडला तर काय, असे इतर दोन सभासदांनी मला वेगळे विचारले आहे. तसे झाले तर आधी नवी छायाचित्रे चढवण्यावर मर्यादा येईल. त्यानेही भागले नाही, तर नवे लेखन थांबवून सर्व जुन्या नोंदींची केवळ वाचण्यासाठी स्थिर पाने तयार केली जातील. अशा पानांना डेटाबेस लागत नाही आणि ती अगदी थोड्या खर्चात टिकवता येतात. याहू ग्रुप्स ही ईमेल गटांची सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी कायमची बंद झाली आणि ज्या गटांनी आपल्या संग्रहाची प्रत वेळेत उतरवून घेतली नव्हती, त्यांचा संग्रह गेला. त्यामुळे निधी पुरेसा जमला तरी दर तिमाहीस संपूर्ण संग्रहाची प्रत उतरवून ती सर्व्हरपासून दूर, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली जाईल आणि तिच्यातून संग्रह पुन्हा उभा करता येतो की नाही, हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून पाहिले जाईल.

डोमेन आता व्यक्तीच्या नावावरून मंडळाच्या नावावर हलवत आहोत. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची करता येते. निधीतून पहिला खर्च तोच व्हावा, असे मी सुचवते. खात्याचा प्रवेश खजिनदार आणि समन्वयक या दोन पदांकडे राहील आणि पदाधिकारी बदलले की हस्तांतराच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख असेल.

जमाखर्च दर तिमाहीस याच यादीवर प्रसिद्ध होईल. डोमेनच्या हस्तांतराबाबत कोणाची हरकत असल्यास ती कार्यकारिणीच्या पुढील बैठकीपूर्वी खजिनदारांना कळवावी. बैठकीनंतर निधीसाठीचा दुवा सर्वांना पाठवला जाईल.

कळावे, लोभ असावा.
समन्वयक, बागकाम समूह