'बिनाइन' म्हणजे 'सौम्य' का?

प्रश्न : माझ्या आत्तीच्या मेंदूतली गाठ काढून दोन वर्षं झाली. ऑपरेशननंतर सहा आठवडे शेक घेतला होता (कोल्हापुरात आमच्या घरात रेडिएशनला शेकच म्हणतात). आता एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'रेडिएशन नेक्रोसिस' आलंय. डॉक्टर म्हणाले, बदल बिनाइन आहे. मी आत्तीला 'सौम्य आहे' म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "सौम्य हाय, मग उजवा हात का उचलत न्हाई?" काय म्हणायला हवं होतं?

उत्तर : आत्तींनी नेमकी चूक पकडली. 'सौम्य' हा शब्द जोर सांगतो : सौम्य ताप, सौम्य धक्का. 'बिनाइन' जात सांगतो : हा कर्करोग नाही. त्रास मात्र मोठा असू शकतो. रेडिएशन नेक्रोसिसमध्ये शेकामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पांढरा भाग खराब होतो, तिथल्या पेशी मरतात, भोवती सूज येते. त्यातून फिट येते, हात-पाय कमजोर होतात. शिवाय शिरेतून डाय (तपासणीचं औषध) दिल्यावर तो भाग एमआरआयवर उजळतो, गाठ परत आल्यासारखाच. म्हणून परफ्यूजन एमआरआय (त्या भागातला रक्तप्रवाह दाखवणारा), पेट स्कॅन, कधी तुकडा काढून तपासणी करावी लागते.

आपल्याकडं लोक विचारतात, "गाठ साधी हाय का वाईट?" ही जोडी मला फार आवडते. शेकानंतर दहा-वीस वर्षांनी कधी मेंदूच्या आवरणाला मेनिंजिओमा नावाची गाठ होते. ती बहुतेक वेळा बिनाइन असते, तिथं 'साधी गाठ' चपखल बसतं. पण नेक्रोसिस ही गाठच नव्हे. तिथं 'कर्करोग नसलेला बदल' म्हणा. लांबलचक आहे, पण खरं आहे. आणि नेक्रोसिसचा 'ऊतिमृत्यू' हा प्रतिशब्द पुस्तकात राहू दे. आजारी माणसापुढं 'निकामी झालेला भाग' म्हणावं.

आणखी एक : शेकाच्या 'लेट इफेक्ट'ला 'विलंबित परिणाम' लिहितात, तेही खटकतं. देवल क्लबच्या, म्हणजे जुन्या संगीतसंस्थेच्या, आपल्या कोल्हापुरात विलंबित म्हटलं की संथ लयीतला ख्याल आठवतो. शिवाय विलंब म्हणजे ठरलेली वेळ चुकली. हे बदल शेक संपल्यावर सहा महिन्यांनी, वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. त्यांची वेळच ती. 'मागाहून होणारे' बरं.

प्रश्नकर्ता : काल सांगितलं : "आत्ती, गाठ परत आलेली नाही. शेकानं तिथला भाग निकामी झालाय, त्याच्या सुजेनं हात जड झालाय. सुजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात." ती थोडा वेळ हाताकडं बघत बसली. मग विचारलं, "गोळ्या जेवायच्या आधी का नंतर?"