गाभण गाईचा न्यूमोनिया: औषध बदलावे की थांबावे?

आमच्या सात महिन्यांच्या गाभण होल्स्टीन संकरित गाईला चार दिवसांपूर्वी १०५.६ अंश फॅरनहाइट ताप भरला. नाकातून घट्ट पिवळसर शेंबूड येत होता आणि ती मान लांबवून, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून धापा टाकत उभी राहत होती. घशाला सूज नाही, शिवाय घटसर्पाची (गुरांचा घसा सुजवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) लस पावसाळ्यापूर्वी दिलेली आहे, म्हणून तो रोग नसावा. मात्र आदल्या संध्याकाळी पोटफुगीसाठी बाटलीने गोडेतेल पाजताना तिला जोराचा ठसका लागला होता, आणि मूळ तिथेच असावे असे मला वाटते.

डॉक्टरांनी तीन दिवस सेफ्टीओफर (प्रतिजैविक) व मेलॉक्सिकॅम (ताप-सूज उतरवणारे औषध) यांची इंजेक्शने दिली. ताप १०३ वर उतरला, परंतु सावलीत शांत उभी असतानाही श्वास मिनिटाला ५२ भरतात आणि चारा ती निम्माच खाते. गर्भपाताच्या भीतीने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टाळले आहे. दूध आटवलेले असल्याने दुधात औषध उतरण्याचा प्रश्न नाही.

डॉक्टर उद्या सकाळी पुन्हा येणार आहेत. ठसक्यातून तेल फुप्फुसात गेलेल्या गाभण गाईला सेफ्टीओफरच पुढे चालू ठेवून गुण आल्याचा कोणाचा अनुभव आहे का, की ७२ तासांनंतरही श्वास उतरत नसल्यास प्रतिजैविक बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे?