नवीन स्कोप लावला, पण छर्रे एका जागी पडूनच नाई राहिले

धुऱ्यावरचा (दारव्ह्याकडचा)
राजेहो, तीन दिवसांपासून डोकं फिरून राहिलं. माह्याकडे ०.१७७ इंची छर्र्याची एअर रायफल हाये, नळी मोडून छर्रा भराची, स्प्रिंगवाली. वावरात बसून कागद न् पत्र्याचे डबे, एवढाच शौक. चाळिशी लागली तशी साधी साइट धूसर दिसाले लागली म्हणून ३-९×४० चा स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, रायफलीवर लावाची दुर्बीण) मागवला. परवा गोठ्याच्या विटाच्या भिंतीवर रायफल टेकवली, १० मीटरवर खोक्याले कागद चिकटवला न् मारले पाच छर्रे. पाचही डावीकडे खाली, मधापासून ३ सेंटिमीटर, पण जवळ जवळ पडले म्हणून वाटलं काम सोपं हाये. स्कोपचा बाजूचा नॉब उजवीकडे ४ क्लिक (खटके) फिरवला, काई फरक नाई, अजून ४ दिले, तरी तसंच. मंग रागारागात वरचा नॉब गरगर फिरवला तं छर्रा हालेच ना, न् मंग एकदम टुणकन वर उडाला, पुढचा अजून भलतीकडे. तिसेक छर्रे झाल्यावर कागदाले गोवर उठल्यावानी भोकं. दुकानदाराले फोन केला तं म्हणते तुमचा हात हालते. हात हालते तं पहिले पाच कसे काय जवळ पडले? स्कोपच खराब निघाला काय? परत कराची मुदत शनवारपर्यंत हाये.

संत्रेवाला_काका
थांबा, लगेच परत पाठवू नका. स्कोपच्या डबीवर १/४ लिहिलं असन, तो हिशोब १०० यार्डाचा असते, म्हणजे ९१ मीटरवर एका क्लिकनं पाव इंच. १० मीटरवर तोच क्लिक पाऊण मिलिमीटरही सरकवत नाई. तुम्हाले ३ सेंटिमीटर सरकवाचं होतं, म्हणजे चाळीसच्या वर क्लिक लागतात, तुमी दिले ८. फरक दिसन कसा? मी पण पहिल्या खेपेले असंच केलं होतं, अर्धी डबी छर्रे फुकट घातले न् बायकोच्या शिव्या खाल्ल्या ते वेगळं.

वरचा नॉब हालत नाई म्हणता ते मात्र वेगळं दुखणं हाये. नळी मोडाच्या रायफलीत बऱ्याचदा नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं असते, म्हणून छर्रा खाली लागते न् आपण वर वर फिरवत जातो. नॉब पार शेवटाले गेला की आतली स्प्रिंग ढिली पडते, मंग क्रॉस (स्कोपमधली नेमाची फुली) कधी सरकते, कधी अटकते न् धक्का बसला की उडी मारते. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा, त्याच्या निम्म्यावर आणून ठेवा. मंग मागच्या रिंगमधे (स्कोपले धरणारं कडं), स्कोपच्या खाली, जुन्या एक्सरे फिल्मची पट्टी टाका. मागची बाजू उचलली की छर्रा वर येते. पुढच्या रिंगखाली टाकाल तं उलटं होईन, हे ध्यानात ठेवा.

छर्रा_मास्तर
काकांचं बरोबर आहे पण मला पहिला संशय माउंटवर येतो, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर. स्प्रिंगची रायफल आधी मागे येते आणि आतला पिस्टन पुढे जाऊन आदळला की उलट पुढे झटका देते. त्या पुढच्या झटक्याने स्कोप रेलवर (रायफलीच्या वरची खाचेची पट्टी) मागे मागे सरकत जातो. बंदुकीचा म्हणून घेतलेला चांगला महागडा स्कोपही या उलट्या झटक्याने खिळखिळा होतो, म्हणून स्कोप एअरगनचा आहे का ते आधी बघून घ्या. रेलवर पेन्सिलने रेघ मारा, दहा छर्रे मारा, रेघ आणि माउंटच्या मध्ये फट दिसली तर चोर सापडला. रेलला मागे भोक असेल तर स्टॉप पिन (सरकणं अडवणारी खुंटी) बसेल असा माउंट घ्या. रिंगचे स्क्रू मात्र आवळून आवळून जीव घेऊ नका, स्कोपची नळी चेपते. रायफलीच्या लाकडी दस्त्याचे स्क्रू आणि नळीच्या सांध्याचा बोल्टही तपासा, आणि हे सगळं रायफल रिकामी आहे हे डोळ्याने पाहूनच.

आणि विटेच्या भिंतीवर टेकवलीत ना, तिथेच निम्मा घोळ झाला. कडक जागेवर ही रायफल उसळते. मऊ काहीतरी ठेवा, त्यावर तळहात आणि तळहातावर रायफल, आवळायची नाही, नुसती टेकू द्यायची. हात प्रत्येक वेळी त्याच जागी.

धुऱ्यावरचा
मास्तर, पाय धराचे बाकी हायेत तुमचे. रेघ माराची गरजच नाई पडली, माउंट काढला तं रेलवर चांगली ४ मिलिमीटर लांब चकचकीत खरड दिसली, काळा रंग पार निघालेला. अजून एक विचारतो, नळीत शिलाई मशीनचं तेल टाकलं होतं, तवापासून पहिले काही छर्रे मारले की धूर निघते न् आवाजही फटाक्यावानी येते, त्याचं काई?

छर्रा_मास्तर
तेल जळतंय ते. प्रत्येक छर्र्याचा वेग वेगळा होतो, मग कागदावर वर-खाली लागणारच. नळी कोरड्या कापडाने पुसा, वीस-पंचवीस छर्रे मारून मगच झिरो करायला (क्रॉस जिथे, छर्रा तिथे असं जुळवायला) बसा. पुन्हा तेल नको.

वऱ्हाडी_वाघ
भाऊ झिरो झाली की रोह्यावर (नीलगायीवर) चालन का? आमची तूर साफ करून टाकली हरामखोरानं

संत्रेवाला_काका
अजिबात नाई. १९७२ चा वन्यजीव कायदा हाये, न् या छर्र्यानं रोही मरत नाई, जखम घेऊन दहा दिवस कण्हत फिरते. तुरीसाठी वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज टाक.

धुऱ्याभाऊ, अजून एक. स्कोपचा झूम ९ वर ठेवून १० मीटर पाहू नका, ४ वर आणा. रायफल पोत्यावर ठेवून हात न लावता डोकं जरा इकडंतिकडं करून पाहा, क्रॉस कागदावर पोहत असन तं तो पॅरलॅक्स हाये. पुढच्या काचेवर मीटरचे आकडे असलेली रिंग असन तं १० वर फिरवा, नसन तं गाल दरवेळी लाकडावर एकाच जागी टेकवा. न् दुपारी बसू नका, तापलेल्या वावरात कागदच लहरते.

धुऱ्यावरचा
आज सकाळी सात वाजता बसलो. स्टॉप पिनचा माउंट यवतमाळहून आणला, एक्सरेची पट्टी टाकली (बाच्या गुडघ्याचा जुना एक्सरे, कामी आला), चुंगडीत तुरीचं कुटार भरून त्याच्यावर हात ठेवला. खोक्यात जुन्या चादरी कोंबल्या न् मागं धुऱ्याची माती. पाच छर्रे, पाचही दहाच्या नाण्याखाली झाकले गेले. मंग ४४ क्लिक उजवीकडे, मोजून, न् छर्रा मधात!! दुकानदाराले फोटो पाठवला, निळी टिक आली, उत्तर नाई.

आता ५ मीटरवर मारलं तं दोनेक सेंटिमीटर खाली लागून राहिलं, हे काहून?

संत्रेवाला_काका
स्कोप नळीच्या चार सेंटिमीटर वर बसलेला हाये ना भाऊ. नजर वरून जाते न् छर्रा खालून निघते, दोघांची गाठ १० मीटरवर पडते. तो नॉब आता हालवू नका.

धुऱ्यावरचा
नाई हालवत. टोपण लावून वर टेप मारला.